नियोजित थांबा

१२ जानेवारी

ताई,

परवा फोनवर मी काय सांगत होतो ते तुला कळलं नाही. माझ्या शेजाऱ्यांना मात्र सगळं कळलं. जिन्यात दोघांनी माझं अभिनंदन केलं. तेव्हा आता लिहून सांगतो.

शहराच्या ट्रामचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो आहे. म्हणजे त्यातल्या एकोणतीस वर्षांबद्दल मला कुणी जाब विचारू शकणार नाही. या कामाला याहून योग्य माणूस मिळाला नसता.

माझ्या खोलीच्या दारावर 'दूरचे नियोजन' अशी पाटी आहे. आत बसणाऱ्या माणसाला ती चष्म्याशिवाय वाचता येत नाही. काल मी साठ हजार लोकांना शहराच्या पूर्वेला वसवलं आणि घरी येताना पाव आणायला विसरलो.

नकाशावर आम्ही तीन प्रकारच्या रेघा काढतो. पहिल्या टप्प्यातल्या मार्गाला सलग रेघ, दुसऱ्याला तुटक, तिसऱ्याला ठिपके. सलग म्हणजे होणार. तुटक म्हणजे होईल. ठिपके म्हणजे कुणाला तरी नाही म्हणायचा संकोच वाटला.

तुझ्या घरामागून थेट तलावापलीकडे जाणारा मार्ग अजून ठिपक्यांतच आहे. तो मीच काढला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हा भावजींना म्हणालो होतो, दोन वर्षं थांबा, ट्राममधून उतरेन तो तुमच्या मागच्या दारात. भावजी गेले. ठिपके आहेत.

तुझ्याकडे यायला मला तीन बस बदलाव्या लागतात, म्हणून आपण एकाच शहरात राहून पत्रं लिहितो. हे कुठे बोलू नकोस. निवृत्तीला वर्ष आहे अजून.

पुढच्या महिन्यात आमची मोजणीची माणसं प्रत्येक नियोजित थांब्यावर जाणार आहेत. तुमच्याकडेही येतील. चार प्रश्न विचारतील. त्यांच्याशी नीट बोल.

तुझा,
अठ्ठावन्न वर्षांचा छोट्या


२० जानेवारी

छोट्या,

अभिनंदन. तुझ्या शेजाऱ्यांच्या मागून का होईना.

तुझ्या ठिपक्यांना नावं ठेवू नकोस. त्यांच्यामुळे माझ्या घरामागे कुणाला वीट ठेवता येत नाही. दोन ट्राम शेजारून जातील एवढा रुंद आणि नजर पोचेल तिथपर्यंत लांब मोकळा पट्टा आहे. त्यात माझ्या घेवड्याचे वेल आहेत, शेजारच्या धोबिणीच्या दोऱ्या आहेत आणि तुम्ही लोकांनी तेव्हा रोवलेला खांब आहे. 'नियोजित ट्राम थांबा' ही अक्षरं अजून वाचता येतात. खांबाखाली कुणीतरी बाक आणून टाकलं. त्यावर आम्ही सहा जण संध्याकाळी बसतो. वाटेत कुणी विचारलं, कुठे निघालात, तर सांगतो, ट्रामला.

कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचे ते तुला आठवत असतील. त्यांनी दुकान बंद केलं. तेही येतात. आले की मनगट वर करून घड्याळ बघतात आणि म्हणतात, "आज उशीर दिसतोय." अंधार पडला की पुन्हा बघतात. "चुकली. आता उद्या." मग आम्ही उठतो. यात हसण्यासारखं काही नाही हे मला कळतं. आम्ही रोज हसतो.

त्यांचे डोळे गेले आहेत, घड्याळ दिसत नाही, हे सांगायचं राहिलं.

मला एका कानाने ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. उजव्या बाजूला बसून कुणी बोललं तर येतं. ते उजव्याच बाजूला बसतात. ते बोलतात ते मला अर्धं ऐकू येतं, मी हसते ते त्यांना दिसत नाही. तेव्हा बरं चाललं आहे.

तुझी माणसं येऊ देत. चहा देईन.

ताई


३ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच.

मोजणीचे निकाल आले. सगळ्या शहरात, जिथे जिथे ट्राम अजून गेलेली नाही तिथल्या थांब्यांमध्ये, सर्वात जास्त मागणी तुमच्या थांब्यावर आहे. बाकी ठिकाणी लोकांना खांब कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे माणसं त्याच्याखाली थांबलेली सापडली.

काल समितीची बैठक झाली. अध्यक्षबाईंनी तुमची उत्तरं मोठ्याने वाचली. 'कशासाठी थांबला आहात?' 'ट्रामसाठी.' 'किती वेळ झाला?' 'तीस वर्षं होत आली.' 'ट्राम आली नाही तर काय करता?' 'उद्या परत येतो.'

 आमच्या हिशेबनिसांनी नाक पुसलं. गेल्या वर्षी मला नवी खुर्ची नाकारताना त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

याला आमच्या भाषेत दबलेली मागणी म्हणतात. मी तीस वर्षं हा शब्द वापरतो आहे. काल पहिल्यांदा तो कुणाच्या तरी तोंडून ऐकला.

तुझा मार्ग पहिल्या टप्प्यात घेतला आहे. ठिपके मी स्वतः जोडले. तीन वर्षांत ट्राम येईल. घाईत पट्टी घ्यायचं राहिलं, त्यामुळे तुझ्या परसाजवळ मार्गाला एक विनाकारण वळण आलं आहे. ते नंतर सरळ करू.

आयुष्यात एक रेघ तरी खरी झाली. मी काल घरी चालत गेलो. बस होती तरी.

छोट्या


९ मार्च

छोट्या,

कसं लिहू कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

तुमची मोजणीवाली मुलगी उन्हातून आली. आम्ही बाकावर होतो. तिने विचारलं, "कशासाठी थांबलात?" घड्याळवाले म्हणाले, "ट्रामसाठी." आम्हाला वाटलं, ती हसेल. तिने लिहून घेतलं. मग आम्हाला चेव आला. धोबीण म्हणाली, "मी तर कपडे वाळत घालतानाही एक डोळा रुळांवर ठेवते." रूळ कुठे आहेत? मुलीने तेही लिहून घेतलं. मी म्हणाले, "मी दिवसातून दोनदा येते, न जाणो सकाळची असली तर." वयाला शोभेल असं एक उत्तर कुणी दिलं असेल तर शपथ. 'उद्या परत येतो' हे घड्याळवाल्यांचं. ते ऐकून त्या पोरीचे डोळे भरून आले. तेव्हाच थांबायला हवं होतं. आम्ही तिला चहा दिला.

ती गेल्यावर आम्ही इतके हसलो की धोबिणीला उचकी लागली.

छोट्या, ती गंमत होती. आम्ही ट्रामची वाट बघत नाही. आम्हाला कुठेही जायचं नाही. ट्राम येत नाही म्हणून तर आम्ही तिथे बसतो.

काल दोन माणसं आली. त्यांनी घेवड्याच्या मधोमध खडूने रेघ मारली. बाक रेघेच्या पलीकडे आहे. म्हणजे रूळ येतील त्या बाजूला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. घरी चालत गेलास तेवढं वाचून वाईट वाटलं.

ताई


१७ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. पोट बिघडलं असं कळवलं. ते खोटं होतं, पण दुपारपर्यंत खरं झालं.

म्हणजे माझी एकमेव खरी मागणी सहा म्हाताऱ्यांची थट्टा निघाली. मी तिच्यावर पूल धरून साडेसात मैलांचा मार्ग आखला आहे. एक आगारही. आगारात झाडं लावायची सूचना मीच केली.

आता अडचण सांगतो. मी गप्प बसलो तर ट्राम येईल आणि तुमचं बाक जाईल. खरं सांगितलं तर समिती म्हणेल, तिथे मागणीच नाही, मार्ग खोडा. मार्ग खोडला की पट्ट्याचं आरक्षण उठतं. आरक्षण उठलं की वर्षाच्या आत तुझ्या मागच्या खिडकीसमोर चार मजली भिंत उभी राहील. बाक तेव्हाही जाईल.

तुला हवं आहे ते एकच: ट्राम कागदावर राहावी आणि कधी येऊ नये. तीस वर्षं मी नेमकं तेच करत आलो. याला मी आजवर अपयश समजत होतो. ती लोकसेवा होती.

काय करू सांग. तू सांगशील ते करतो. मी पुढची तीस वर्षं बघू शकतो, पण पुढच्या मंगळवारी बैठकीत उभं राहून काय बोलायचं ते मला दिसत नाही.

छोट्या


२१ मार्च

छोट्या,

खरं सांग.

भिंत आली तर येऊ दे. आम्ही दुसरीकडे बसू. पण आमच्या चावटपणावर तुम्ही रूळ टाकलेत, तर मला त्या ट्राममध्ये पाय ठेवता येणार नाही. आणि तू निवृत्त होऊन तिच्यात बसशील, प्रत्येक थांब्याला मान डोलावशील, आणि मला ते घेवड्याच्या जागेवरून बघावं लागेल.

सांगताना पाणी पिऊन घे. लहानपणापासून तू खरं बोलायला लागलास की तुला ठसका लागतो.

बाकावर सगळ्यांना सांगितलं आहे. घड्याळवाले म्हणाले, तुमच्या भावाला सांगा, चूक माझी, सगळं माझ्या नावावर लिहा. मी म्हटलं, त्यात माझंही अर्धं आहे. ते म्हणाले, बरं, मग दोघांच्या नावावर.

ताई


१० एप्रिल

ताई,

सांगितलं. ठसका लागला.

मी म्हणालो, त्या थांब्यावरचे लोक ट्रामची वाट पाहत नव्हते, ते वाट पाहण्याची गंमत करत होते. अध्यक्षबाईंनी विचारलं, "रोज?" मी म्हणालो, "रोज." त्यांनी विचारलं, "आणि हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणालो, "त्यांतली एक माझी बहीण आहे." इथे हिशेबनीस हसले. मग सगळेच हसले. मीही हसलो. माझं हसू सगळ्यात उशिरा संपलं, ते बरं दिसलं नाही.

माझ्यावर कुणी रागावलं नाही. मी इतका दुर्लक्षित माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.

ठरलं असं: मार्ग पहिल्या टप्प्यातून काढला. पण मे महिन्यात फेरमोजणी होणार. तीच मुलगी येईल. तिथे ट्रामची खरोखर वाट पाहणारं कुणीच सापडलं नाही, तर मार्ग नकाशावरून खोडतील. आमचा नियमच तसा आहे. एखादा जरी खरा प्रवासी असला, तर ठिपके राहतात.

आता ऐक. मी तुला खोटं बोलायला सांगू शकत नाही. शिवाय अंदाज फुगवणं हे माझं काम आहे, त्यात घरच्यांनी लुडबुड करू नये. सगळ्यांनी खरं तेच सांगा. सहज बसलोय म्हणा. भिंत येईल. मी येऊन तिला रंग लावून देईन.

छोट्या


४ मे

छोट्या,

घेवडा संपला. खडूची रेघ पावलांनी पुसली गेली.

घड्याळवाले हल्ली येत नाहीत. गेल्या महिन्यात ते दुकानाच्या पायरीवरून पडले. कमरेचं हाड मोडलं. मुलगा येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेला, तलावाच्या पलीकडे. तिसरा मजला आहे म्हणे. आता इकडे परत येणं नाही.

त्यामुळे आता आम्ही केव्हा उठायचं ते कळत नाही. अंधार पडला तरी बसून राहतो. धोबीण म्हणते, कुणीतरी घड्याळ बघा. माझ्याकडे घड्याळ आहे, चांगलं चालतं. पण ते तसं बघता येत नाही.

फोन करणार होते त्यांना. पण मला फोनवरचं ऐकू येत नाही, आणि त्यांना फोनची बटणं दिसत नाहीत.

बाकी ठीक. तू भिंतीला रंग लावू नकोस. तुझ्या घराची खिडकी तू स्वतः रंगवली होतीस, ती अजून उघडत नाही.

ताई


११ मे

ताई,

घड्याळवाल्यांचं कळलं. वाईट वाटलं. कळवलंस ते बरं केलंस, बाकावर आता सहा नव्हे, पाच जण आहेत अशी मी नोंद सुधारून घेतली.

त्या वयात कमरेचं हाड म्हणजे अवघडच. पण मुलाकडे गेले हे चांगलं झालं. तलावापलीकडची हवा उत्तम आहे. आमच्या आराखड्यात तिथे पुढच्या वीस वर्षांत लोकवस्ती दुप्पट होणार आहे, म्हणजे त्यांना सोबतही मिळेल.

मोजणी एकवीस तारखेला आहे. घाबरू नकोस. खरं सांग म्हणजे झालं.

छोट्या


२९ मे

ताई,

अकरा तारखेचं माझं पत्र असेल तर फाडून टाक. मी त्याची प्रत ठेवली होती. आज वाचली. 'सोबतही मिळेल.' असा माणूस शहराचा आराखडा करतो.

मोजणीवाली मुलगी आज माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, त्या थांब्याचं झालं. सगळे म्हणाले, सहज बसलोय. धोबीणबाईंनी माफीसुद्धा मागितली. फक्त एका आजींचं वेगळं होतं."

मी विचारलं, "वेगळं म्हणजे?"

"त्या बाकाच्या डाव्या टोकाला बसल्या होत्या. उजवीकडची जागा रिकामी. मी तिथे बसायला गेले तर म्हणाल्या, इथे नको, समोर उभी राहा. मग मी विचारलं, कशासाठी थांबलात? तर म्हणाल्या, ट्रामसाठी. मी म्हटलं, आजी, मागच्या वेळी फसवलंत. तर म्हणाल्या, मागच्या वेळी गंमत होती. मी विचारलं, कुठे जायचंय? तलावापलीकडे, म्हणाल्या."

मी म्हणालो, "हीसुद्धा गंमत नव्हती कशावरून?"

ती म्हणाली, "सर, त्यांनी विचारलं, परतीची शेवटची किती वाजता असेल."

मी तिला सांगितलं की माझ्या चष्म्याला काहीतरी झालं आहे, आणि तो बराच वेळ पुसत बसलो.

तीस वर्षं ती रेघ माझ्यासमोर भिंतीवर टांगलेली आहे. एका टोकाला तू आहेस हे मला माहीत होतं, कारण ते टोक मीच तिथे ठेवलं होतं. दुसरं टोक कुठे जातं हे मी कधी बघितलंच नाही. साठ हजार लोक सकाळी कुठून कुठे जातील ते मी तोंडपाठ सांगतो.

अध्यक्षबाई म्हणाल्या, एक म्हणजे शून्य नव्हे. मार्ग राहिला. तिसऱ्या टप्प्यात, ठिपक्यांत. पट्टा राहील, बाक राहील, पुढच्या वर्षी घेवडा लाव. जे तुला हवं होतं ते सगळं झालं, आणि आता ते तुला नको आहे हे मला आज कळलं.

ट्राम यायला तीस वर्षं आहेत. त्याआधी रविवार आहे.

मी सकाळी तुझ्याकडे येतो. मग आपण दोघं निघू. तुमच्या कोपऱ्यावरून बाजारापर्यंत पहिली बस, तिथून इस्पितळापर्यंत दुसरी, तिथून तलावाला वळसा घालणारी तिसरी. हा आराखडा मी स्वतः केला आहे. तेव्हा सोबत खायला काहीतरी घे.

छोट्या


८ जून

छोट्या,

पोचलास का? रविवारी तू माझ्या दारातून निघालास तेव्हा पुन्हा चुकीच्या दिशेच्या थांब्यावर उभा होतास. मी खिडकीतून हाक मारली. हात हलवलास.

दुसऱ्या बसबद्दल मी काही म्हणणार नाही. ती इस्पितळाला जाते असं तू म्हणालास, आणि ती खरंच इस्पितळाला गेली. गुरांच्या. ड्रायव्हर चांगला होता. तू त्याला शहराच्या पूर्वेकडच्या वाढीबद्दल सांगत होतास तेव्हा त्याने मला मागे वळून विचारलं, "हे तुमच्यासोबत आहेत का?" मी म्हटलं, "हो. मोठ्या पदावर आहेत." तो म्हणाला, "असेल, असेल."

जिने चढताना तू माझी पिशवी घेतलीस, आणि दारात पोचल्यावर म्हणालास, खाली जाऊन परतीचं वेळापत्रक बघून येतो. तू तासभर आला नाहीस. एवढं मोठं वेळापत्रक त्या खांबावर नाही, मी येताना पाहिलं होतं. ते मी लक्षात ठेवलं आहे.

तेव्हा तू नसताना काय झालं ते सांगते.

ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. समोर तलाव आहे, पण त्यांना काय त्याचं. बारीक झाले आहेत. सून म्हणाली, बाबा, कुणीतरी आलंय. मी काही बोलले नाही. त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला स्टूल होतं, तिथे जाऊन बसले. त्यांनी मान वळवली.  मग डावा हात वर केला.

इस्पितळात घड्याळ काढून घेतलं होतं, ते परत बांधलेलंच नाही. नुसतं मनगट होतं. तुझ्या आराखड्याप्रमाणे आपण दहाला पोचणार होतो, आणि जेवणं होऊन भांडी वाळत पडली होती. त्यांनी त्या मनगटाकडे नीट बघून घेतलं.

म्हणाले, "आज वेळेवर आली."

मी हसले. ते त्यांना कळलं असावं.

पुढच्या रविवारी तू आला नाहीस तरी चालेल. दुसरी बस कुठली घ्यायची नाही ते आता मला माहीत आहे.

ताई